पतंगाचं नाक कुठे असतं? (आणि वासाबद्दलचे तुमचे बाकीचे प्रश्न)

मागच्या अंकात कामगंध सापळ्यांचा (मादीच्या वासाने नर किडे पकडणारे सापळे) नुसता उल्लेख केला होता, तेवढ्यावर इतके प्रश्न आले की यावेळी सगळं सदर वासालाच देऊन टाकतोय. ज्यांनी उसावरच्या हुमणीबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा प्लीज.

प्रश्न : नमस्कार सर. आमची कापसाची शेती आहे. यंदा एकरी दोन कामगंध सापळे लावले गुलाबी बोंडअळीसाठी. त्यातली गोळी मी नाकाला लावून बघितली, रबराशिवाय कशाचाच वास नाही. पण सकाळी सापळ्यात पतंग पडलेले असतात. पोरगा दहावीला आहे, तो म्हणतो बाबा पतंगाला नाक कुठंय मग वास कसा येतो? मला सांगता आलं नाही. आणि एक सापळा धुऱ्याकडचा (बांधाकडचा) आहे त्यात काहीच पडत नाही, ते पण सांगा.
— एक शेतकरी, घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, पोराला सांगा नाक आहे, पण ते मिशीत आहे. पतंगाच्या डोक्यावर ज्या दोन मिशा असतात त्यावर हजारो बारीक केस असतात, आणि हे केस आतून पोकळ असतात, त्यांच्या भिंतीला अतिशय सूक्ष्म भोकं असतात, आत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो आणि त्या द्रवात मेंदूकडे जाणाऱ्या चेतापेशीचं टोक बुडालेलं असतं. झालं नाक. आपलं आत असतं, त्याचं बाहेर वाऱ्यावर असतं, इतकाच फरक म्हणा ना.

पण खरी गंमत पुढे आहे. तुमच्या गोळीत जे आहे ते गॉसिप्ल्युअर, बोंडअळीच्या मादीचा वास, जो १९७३ साली ओळखला गेला. १६ कार्बनची लांब साखळी, म्हणजे थोडक्यात तेलाचाच भाऊ. आता तेलकट रेणू भोकातून आत आला आणि समोर पाणी! फोडणीत पाण्याचा थेंब पडला की काय होतं ते आपल्याला माहितीये, तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मग हा रेणू पाण्यातून पलीकडे चेतापेशीपर्यंत जाणार कसा?

इथे प्रथिनं येतात. त्या द्रवात एक छोटं प्रथिन ठासून भरलेलं असतं, इतकं की काही पतंगांत त्याचं प्रमाण १० मिलिमोलरपर्यंत जातं, हिशोब केला तर लिटरला साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकापेक्षाही दाट. याला कामगंध-बंधक प्रथिन म्हणतात, संशोधक मंडळी नुसतं पीबीपी म्हणतात. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांना, व्होग्ट आणि रिडिफर्ड यांना, ते पहिल्यांदा सापडलं ते पॉलिफेमस नावाच्या मोठ्या पतंगाच्या मिशीत. हा पतंग आपल्या भंडारा-गडचिरोलीच्या टसरच्या पतंगाचा जवळचा नातेवाईक, जाती वेगळ्या पण दोघांचा वंश (जीनस) एकच, अँथेरिया. ज्या ढिवर बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या झाडावर टसर वाढवला त्यांना नर मादीला कसा शोधून काढतो हे वेगळं सांगायला नको.

हे प्रथिन दिसायला कसं? मला विचाराल तर करंजीसारखं. जेमतेम १४० अमिनो आम्लांची एक दोरी, तिचे सहा पीळ एकमेकांवर दुमडलेले आणि तीन ठिकाणी गंधकाच्या बंधांनी मुरड घातलेली म्हणजे ती उघडत नाही. बाहेरून पाण्याशी जमणारी, आतली पोकळी मात्र तेलकट. त्या पोकळीत वासाचा रेणू सारणासारखा जाऊन बसतो. बाहेरच्या पाण्याला कळतही नाही की आत तेल चाललंय.

आता पलीकडे पोचल्यावर ते सारण बाहेर काढायचं कसं, हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो. रेशीमकिड्याच्या प्रथिनाची रचना २०००-२००१ च्या सुमारास दिसली तेव्हा कळलं की आजूबाजूची आम्लता वाढली की या प्रथिनाची जी मोकळी शेपूट असते तिचाच सातवा पीळ तयार होतो आणि तो त्या पोकळीत जाऊन बसतो. म्हणजे चक्क खो-खो! शेपूट मागून येते, खो देते, जागा पकडते आणि आत बसलेला रेणू उठून पळतो. चेतापेशीच्या पडद्याजवळ आम्लता जास्त असते असं मानतात, म्हणून खो बरोबर तिथेच मिळतो.

सुटलेला रेणू पडद्यातल्या रिसेप्टरला लागतो. हा रिसेप्टर म्हणजे पण प्रथिनच, पण हा दरवाजा आहे, रेणू लागला की उघडतो, भारित कण आत घुसतात आणि विजेचा ठोका मेंदूकडे जातो. रेशीमकिड्याच्या नरावर १९७० च्या आसपास जे प्रयोग झाले त्यात दिसलं की एका चेतापेशीला ठोका द्यायला वासाचा एक रेणू पुरतो. एक! आणि आपण गोळी नाकाला लावून बसलोय, हाहा. आपल्याकडे तो दरवाजाच नाही म्हणून काही कळत नाही, गोळीत माल नाही असं नाही.

पोराला अजून एक सांगा, हे पुस्तकात बहुतेक नसेल. वास येण्याइतकंच वास *जाणं* महत्त्वाचं आहे. मादीचा वास वाऱ्यात अखंड पट्ट्यासारखा येत नाही, उदबत्तीच्या धुरासारखे तुकडे-तुकडे येतात. नर तुकडा लागला की वाऱ्याच्या उलट दिशेने पुढे सरकतो, तुकडा सुटला की डावीकडे उजवीकडे घिरट्या घालतो, परत लागला की पुढे. आता समजा आधीच्या तुकड्याचा वास मिशीतच रेंगाळला तर? त्याला वाटणार अजून वास चालूच आहे आणि गडी भलतीकडेच जाणार. म्हणून त्याच द्रवात वास कापणारं विकरही (एन्झाइम) असतं, पॉलिफेमसच्या मिशीतलं असं विकर १९८५ मध्ये मोजलं तर त्या हिशोबाने निम्मा वास साधारण १५ मिलिसेकंदात खलास होतो. डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि हे विकर ज्या प्रकारचा रेणू कापतं, म्हणजे अ‍ॅसिटेट, तुमचं गॉसिप्ल्युअर पण त्याच प्रकारचं आहे बरं का.

हा मुद्दा शेतीत कामाला येतो. सगळ्या शेतभर मादीचा वास भरून टाकला की नराला पुढे-मागे काही कळेनासं होतं, मिशीतली सफाई कितीही फास्ट असली तरी बाहेरून वास येतच राहतो, आणि मिलनच होत नाही. झाडांना दोऱ्या बांधायची किंवा पेस्ट लावायची पद्धत ऐकली असेल ती हीच. अमेरिकेत २०१८ मध्ये कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं सरकारने जाहीर केलं त्यात ही पद्धत, बीटी कापूस आणि वांझ पतंग सोडणं असं सगळं मिळून होतं, नुसत्या वासाने झालेलं नाही. आणि एकट्याच्या दोन एकरात हे करून उपयोग नाही, शेजारच्या शेतात मिलन झालेली मादी उडत येऊन तुमच्याकडे अंडी घालणार. गावाने मिळून करायचं काम आहे. २०१७ ला बोंडअळीने काय केलं ते यवतमाळकरांना मी काय सांगणार.

आता तुमचा धुऱ्याकडचा सापळा. गोळी कधी लावली? तीन-चार आठवड्यांत बदलायला लागते, उन्हात लवकर उडून जातं. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर पाहिजे, कापूस वाढला आणि सापळा खालीच राहिला असं फार बघितलंय मी. आणि हो, हरभऱ्याच्या घाटेअळीची गोळी हाताळून त्याच हाताने ही लावली असेल तर दोन वास मिसळतात आणि नर येत नाही, कारण त्याला मिश्रण अगदी बरोबर लागतं, गॉसिप्ल्युअरमध्येच दोन रेणू आहेत, फरक फक्त एका वळणाचा, ते पण साधारण निम्मे-निम्मे असले तरच नराला पटतं. हातमोजे नाहीतर साबणाने हात. शिल्लक गोळ्या फ्रीजमध्ये, पाकीट बंद करून. (आमच्या घरी दह्याशेजारी ठेवल्या म्हणून मी आठवडाभर बोलणी खाल्लीत, तेव्हा वेगळा डबा घ्या.) आणि सापळ्यात आठ-आठ पतंग सलग तीन रात्री पडले तर वाट बघू नका, ती आर्थिक नुकसानीची पातळी आहे, कृषी सहाय्यकाला गाठा. सापळ्यात पडतात ते फक्त नर, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : सर मी बीएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी सांगितलं की गंध-बंधक प्रथिन नसेल तर किड्याला वास येणारच नाही. पण मी एका पेपरमध्ये वाचलं की ते प्रथिन काढलं तरी माशीला वास येतो. परीक्षेत काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : परीक्षेत सरांनी सांगितलं ते लिही, मार्क महत्त्वाचे आहेत! आणि मग चहा पिताना सरांना हे विचार.

तू जो पेपर म्हणतेस तो बहुतेक २०१६ चा, फळांवरच्या छोट्या माशीवरचा, ड्रोसोफिलावरचा. तिच्या मिशीत एका प्रकारचे केस आहेत ज्यात भरपूर असं एकच बंधक प्रथिन असतं, त्याचं नाव ओबीपी २८ए. ते काढून टाकलं आणि वास दिला तर चेतापेशीने झक्कपैकी उत्तर दिलं, उलट काही वेळा जास्तच जोरात. म्हणजे 'नसेल तर येणारच नाही' हे सरसकट वाक्य तिथेच पडलं. दुसरीकडे त्याच माशीत लश नावाचं बंधक प्रथिन आहे, ते काढलं की नराच्या कामगंधाला, सीव्हीएला, मिळणारा प्रतिसाद जवळजवळ झोपतो, हे २००५ चं काम. मग २०१३ मध्ये दुसऱ्यांनी दाखवलं की लश नसतानाही सीव्हीए भरपूर दिलं तर रिसेप्टर थेट उघडतो. रेशीमकिड्यात पीबीपी काढून बघितलं तर मिशीचा प्रतिसाद कमी झाला पण शून्य नाही झाला.

मला यातून जे दिसतं ते असं, की प्रथिन हा पूल नाहीये, होडी आहे. नदीला पाणी कमी असेल, म्हणजे रेणू थोडाफार पाण्यात विरघळणारा असेल, तर माणूस चालतही जाईल. लांब साखळीचा तेलकट कामगंध असेल आणि तोही दोन-चार रेणू, तर होडीशिवाय अवघड आहे. शिवाय ड्रोसोफिलात अशा प्रथिनांची जनुकं पन्नासच्या वर आहेत, ती सगळी वासाचीच कामं करतात असं पण नाही, त्यातलं एक तर हवेतला दमटपणा ओळखायला लागतं असं निघालं. नाव पडलं गंध-बंधक म्हणून, नावावर जाऊ नये.

आणि 'हा वास कुणाचा' हे कोण ठरवतं, होडी की दरवाजा, यावर एक भारी प्रयोग आहे तो सरांना नक्की सांग. जपानमध्ये २०११ साली रेशीमकिड्याच्या नरात, ज्या चेतापेशी आपल्या मादीचा कामगंध, म्हणजे बॉम्बिकॉल, ओळखतात तिथे, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा रिसेप्टर बसवला. होडी तीच जुनी. तर हा रेशमाचा नर कोबीच्या पतंगाच्या वासावर पंख फडफडवत नाचायला लागला की! म्हणजे दरवाजा बदलला की प्रेम बदललं. (बॉम्बिकॉलचं नाव निघालंच तर, तो वेगळा काढायला जर्मनीत बुटेनांट यांच्या गटाला सुमारे वीस वर्षं आणि पाच लाखांच्या आसपास माद्यांच्या ग्रंथी लागल्या, हातात आले ते काही मिलिग्रॅम, वर्ष १९५९. 'फेरोमोन' हा शब्दही त्याच वर्षीचा. तू प्रोजेक्टचा डेटा येत नाही म्हणून रडतेस ना, मग हे आठव.)

दरवाजाबद्दल पण एक वाक्य लिहून ठेव, हे विचारतात. आपल्या नाकातले रिसेप्टर सात वेळा पडद्यातून जातात आणि आत दुसऱ्या प्रथिनाला निरोप देतात, मग साखळी चालू होते. किड्याचे पण सातच वेळा जातात, पण उलटे बसलेत, आपलं जे टोक बाहेर ते त्यांचं आत, आणि ते निरोप-बिरोप देत नाहीत, स्वतःच उघडतात. प्रत्येक रिसेप्टरला एक जोडीदार लागतो, ऑर्को, तो जवळपास सगळ्या किड्यांत सारखाच. चार जण मिळून एक दरवाजा.

प्रश्न : आंब्यासाठी आम्ही फळमाशीचे सापळे लावतो, त्यात मिथाइल युजेनॉल असतं. माझे आजोबा म्हणायचे तुळशीच्या रसाला पण माश्या येतात. हे खरं का? आणि मिथाइल युजेनॉल मादीचा वास आहे का?
— बागायतदार, देवगड

उत्तर : आजोबा बरोबर. तुळशीत मिथाइल युजेनॉल असतं, म्हणून तो रस चालतो, फक्त प्रमाण कमी आणि लवकर उडतो.

पण तो मादीचा वास नाही हो. हा वनस्पतीचा वास आहे. नर माशी तो नुसता हुंगत नाही तर खाते, पोटात त्याचं दुसऱ्या रसायनात रूपांतर करते, ते मागच्या ग्रंथीत साठवते आणि मग तेच अत्तर म्हणून मादीसमोर वापरते. ज्या नराने खाल्लंय त्याला मादी लवकर मिळते. लग्नाला जाताना नवा शर्ट, तसंच. म्हणून नर जिवावर उदार होऊन सापळ्यात शिरतात. मिशीत यासाठी पण होडी आणि दरवाजा दोन्ही आहेत, दरवाजाचं नाव ओआर८८ए, तो बंद पाडला की नराची ओढ कमी होते.

याचा शोध आपल्याच देशात लागला हे फार थोड्या लोकांना माहिती आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संस्थेत हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेलाचं तेल लावलं तर डास राहिले बाजूला, फळमाश्याच रुमालावर जमल्या. हॉवलेटनी बघितलं तर सगळ्या नर! हे १९१२ च्या आसपासचं, आणि १९१५ पर्यंत ते त्यातल्या मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचले. आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा तुम्ही बागेत टांगता त्याची सुरुवात त्या रुमालापासून आहे. सापळे फळ पक्व व्हायच्या आधीपासून लावा, आणि खाली पडलेली किडकी फळं गोळा करून पुरा, ते न करता नुसता सापळा म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

प्रश्न : ओट्यावर मुंग्यांची रांग लागते. मी हळद टाकते, पुसते, तरी त्या परत त्याच वाटेने येतात. त्यांना रस्ता पाठ कसा होतो? मारायची औषधं नको वाटतात, घरात लहान बाळ आहे.
— एक गृहिणी, पुणे

उत्तर : ताई, पाठ होत नाही, लिहून ठेवलेला असतो. खाऊ सापडलेली मुंगी घरी जाताना पोट टेकवत वासाचे ठिपके ठेवत जाते, मागची त्यावर अजून ठेवते. कोरड्या फडक्याने पुसलं तर तो तेलकट वास तसाच राहतो, पसरतो फक्त. साबणाच्या पाण्याने पुसा, शक्यतो दोनदा, आणि मुख्य म्हणजे जिथून निघतात ती फट बुजवा. हळदीने थोडा वेळ गोंधळतात, मग बाजूने वळसा घालून नवी वाट लिहितात, तुम्ही बघितलंच असेल.

मुंग्यांचं वासाचं सामान माशीच्या कितीतरी पट आहे. ड्रोसोफिलात गंध-रिसेप्टर साठेक, काही मुंग्यांत चारशेच्या आसपास, कारण त्यांना रस्ता, घरचे, परके, राणी सगळं वासावरूनच ओळखायचं. २०१७ मध्ये मुंग्यांतला तो जोडीदार ऑर्को काढून बघितला, त्यातली एक जात आपल्या पश्चिम घाटात पण सापडणारी उडी मारणारी मुंगी. तर त्या मुंग्या वारुळात असूनही एकट्या पडल्या, बाहेर भटकत राहिल्या, बाकीच्यांशी वागणं जमेना. आणि मेंदूत वासाचा जो भाग असतो तो पण नीट वाढला नाही, हे माशीत असं होत नाही. मला ते वाचून जरा वाईटच वाटलं होतं.

प्रश्न : डास मलाच का चावतात? आई म्हणते तुझं रक्त गोड आहे.
— वय १३, नाशिक

उत्तर : रक्ताची चव डासाला चावल्यावर कळते रे, तुला शोधतो तो आधी. तुझा श्वास, अंगाची ऊब आणि कातडीवरचा वास, यावरून. ज्यांच्या कातडीवर काही ठराविक आम्लं जास्त असतात त्यांच्याकडे डास जास्त जातात असं २०२२ मध्ये दिसलंय, आणि ते प्रमाण माणसागणिक बराच काळ तसंच राहतं, म्हणजे रोज आंघोळ करूनही तुझं नशीब फार बदलणार नाही. शास्त्रज्ञांनी डासातला ऑर्को पण काढून बघितला, २०१३ मध्ये. डासाला माणूस आणि दुसरा प्राणी यातला फरक नीट कळेना, डीटचा (डास पळवायच्या मलमातलं रसायन) नुसता वास दिला तरी तो पळेना, पण श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की यायचा तो आलाच. कारण त्यासाठी त्याच्याकडे दुसरेच रिसेप्टर आहेत, एक दार बंद केलं की दुसरं उघडं.

मच्छरदाणी लाव. आणि कूलरमधलं पाणी कोण बदलतं घरात? तू बदल.